जुनी मारुती ८०० कधी चालू होते, कधी होतच नाही: फॉल्ट नेमका कुठं शोधायचा

जुन्या ८०० वाल्यांची ही कायमची तक्रार असते. सकाळी एका सेल्फला (म्हणजे स्टार्टर मोटर एकदा फिरवली की) गाडी चालू, दुपारी बाजारातून परत यायला निघालो की नुसतं टक् आणि शांत, मग दहा मिनिटांनी चावी फिरवली की काही झालंच नव्हतं असं परत चालू. गॅरेजला नेली की तिथं हमखास चालू होते, मेकॅनिक म्हणतो गाडी तर ओके आहे, बॅटरी बदलून बघा. बॅटरी बदलतो, थोडे दिवस बरं चालतं आणि परत तेच. ते थोडे दिवस बरं का चालतं माहितीये का, नवीन बॅटरी बसवताना टर्मिनल घासून घट्ट केले जातात म्हणून. बॅटरी कित्येकदा चांगलीच असते.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे की अशा कधी येणाऱ्या कधी जाणाऱ्या फॉल्टमध्ये पार्ट बदलत बसू नका. गाडी चालू होत नाहीये तो क्षणच तपासायचा असतो, चालू झाल्यावर तपासून काही हाती लागत नाही. तो क्षण आला की चिडून परत परत चावी फिरवू नका, त्याच वेळी दोन-तीन साध्या गोष्टी बघा, त्या खाली लिहितोय. आणि फोनमध्ये टिपून ठेवा, इंजिन गरम होतं का गार, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती होतं, गाडी किती वेळ उभी होती. तीन-चार वेळा टिपलं की त्यातून काहीतरी धागा दिसायला लागतो.

८०० ही डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ इतकी वर्षं बनली, म्हणजे शेवटची गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे आणि बऱ्याचशा तर पंधरा वर्षांनंतरचं पासिंग करून चालतायत. एवढ्या वर्षांत वायरिंगचे जोड, अर्थ (बॅटरीचा मायनस बॉडीला आणि इंजिनला जोडणारी वायर), चावीचा स्विच हे सगळं आतून खराब झालेलं असतं, वरून छान दिसत असलं तरी. तुमची गाडी कार्ब्युरेटरवाली आहे का एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची) हे आधी बघून घ्या, डॅशबोर्डवर ओढायची चोकची खुंटी असेल तर कार्ब्युरेटर. ७९६ सीसीचीच ओम्नी असेल तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडतं.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, १० आणि १२ चा पाना, पॉलिश पेपर, चांगल्या जाड तारेची जम्पर केबल आणि चावी फिरवायला एक माणूस. काही करायच्या आधी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि ओढणी, सैल बाही, हातातली साखळी हे बेल्टपासून लांब.

आता मुख्य फाटा. चालू होत नाही म्हणजे काय होतं? सेल्फच फिरत नाही, का सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पकडत नाही? ही दोन एकदम वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात बॅटरी, केबल, अर्थ, चावीचा स्विच, सेल्फ मोटर. दुसऱ्यात करंट (म्हणजे प्लगवरची ठिणगी) आणि पेट्रोल. मेकॅनिकला फोनवर "गाडी स्टार्ट होत नाही" एवढंच सांगितलं तर तो बिचारा काय समजणार, म्हणून हे आधी नक्की करा.

सेल्फ फिरत नसेल तर आवाज ऐका. टक-टक-टक-टक असा भराभर आवाज म्हणजे सोलेनॉइडला (सेल्फवरचा चुंबकी स्विच) पुरेसा करंट टिकत नाहीये, बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिला. एकच दणकट टक् आणि पुढं काही नाही, तर सोलेनॉइड ओढतोय पण मोटर फिरत नाही. आवाजच नाही, तर बहुतेक सोलेनॉइडपर्यंत करंट पोचतच नाहीये, चावीचा स्विच किंवा त्याची बारीक वायर बघायची. आणि घुर्रर्र करून मोटर नुसतीच फिरते, इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फला इंजिनशी जोडणारा छोटा गिअर) स्लिप होतोय, त्यासाठी सेल्फ खालीच काढावा लागतो.

याच वेळी हेडलाईट लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. लाईट एकदम मंद झाली किंवा विझलीच तर बॅटरी किंवा बॅटरीच्या खांबावरचा जोड. लाईट तशीच लख्ख राहिली आणि सेल्फ फिरला नाही तर बॅटरीला हात लावायची गरज नाही, फॉल्ट पुढं आहे. फक्त एक लक्षात ठेवा, इंजिनची अर्थ पट्टी खराब असली तरी लाईट लख्खच राहते, कारण लाईटचा अर्थ बॉडीवरून येतो आणि सेल्फचा इंजिनवरून. या एका गोष्टीमुळं भलेभले फसतात.

बॅटरीचं बघायचं तर रात्रभर उभ्या गाडीत सकाळी काही चालू न करता मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. पण नुसता व्होल्ट बघून बॅटरी पास करू नका, सेल्फ फिरत असताना किती राहतो ते बघा, ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी दमलीय (किंवा सेल्फ जाम होऊन जास्त करंट खातोय). इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा पाहिजे, कमी असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, नवीन बॅटरी टाकून तीही उतरणारच. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर चोरटा करंट शोधा. मायनसची केबल काढून मधे मीटर १० अँपिअरवर लावायचा, सगळं बंद, दारं बंद, ५० मिलीअँपिअरच्या वर गेलं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्यानं आकडा पडतो ती लाईन. बाहेरून बसवलेला स्टिरिओ, सेंट्रल लॉक, डिकीचा दिवा यातलंच काहीतरी सापडतं बहुतेक. आणि मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जळतो.

टर्मिनल साफ करताना आधी मायनस काढायचा, लावताना मायनस शेवटी. पांढरा-हिरवा खार आला असेल तर खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासा, पाणी बॅटरीच्या झाकणात जाऊ देऊ नका, कोरडं करा, मग खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू दोन्ही पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा. घट्ट बसवून हातानं पिळून बघा, जरासुद्धा हलता कामा नये. वरून व्हॅसलीन. क्लॅम्प चेपून चेपून मोठा झाला असेल तर त्यात पत्र्याची पाचर मारू नका, नवीन क्लॅम्प टाका, स्वस्त वस्तू आहे.

आता अर्थ. मला विचाराल तर जुन्या ८०० मध्ये पहिला संशय इथं घ्यावा. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिन-गिअरबॉक्सला जी वायर किंवा विणलेली पट्टी जाते तिचा बोल्ट चिखल, तेल, पाणी खाऊन सडतो. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेत तर फारच लवकर. आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या गाडीला एका गॅरेजनं बॅटरी बदलली, मग सेल्फ रिपेअर केला, तरी आठवड्यातून एकदोनदा टक् करून बंद. ती अर्थ केबल बाहेरून काळी, गुबगुबीत, अगदी नव्यासारखी. लगपाशी (टोकाच्या कडीपाशी) वाकवली तर मऊ लागली, रबर ब्लेडनं चिरलं तर आत तांब्याची हिरवी पूड, चारपाच तारा तेवढ्या शाबूत. इंजिन गार असताना त्या तारा कसंबसं काम काढायच्या, गरम झालं की नाही. केबल बदलली, दुखणं संपलं.

हे तपासायची सोपी युक्ती आहे. गाडी टक् करून बसली की जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या स्वच्छ लोखंडी भागाला, रंग आणि तेल नसलेल्या जागी, घट्ट लावा. आता सेल्फ मारा. लगेच फिरला तर अर्थचाच फॉल्ट, दुसरं काही शोधू नका. अशी एक जम्पर केबल डिकीत ठेवली की रस्त्यात अडकलात तरी घरी याल.

मीटरनं करायचं असेल तर व्होल्टेज ड्रॉप बघा. मीटर २० व्होल्ट डीसीवर, एक प्रोब बॅटरीच्या मायनसच्या खांबावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावर), दुसरा इंजिनच्या बॉडीवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थला अडथळा आहे. तसंच प्लसचा खांब ते सेल्फवरचा जाड नट, इथं ०.५ च्या वर जायला नको. जास्त आलं तर एकेक जोड करत पुढं सरका, खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, केबल ते नट, जिथं आकडा उडी मारतो तिथं घाण. मात्र हे सगळं सोलेनॉइड ओढत असेल तरच खरं, करंट वाहतच नसेल तर मीटर शून्य दाखवणार आणि तुम्हाला वाटणार सगळं ओके.

आवाजच येत नसेल तर सोलेनॉइडवरच्या बारीक वायरवर टेस्ट लॅम्प लावा (१२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी, घरी करता येतो), चावी स्टार्टवर धरल्यावर लख्ख पेटला आणि तरी टक् नाही तर सोलेनॉइड किंवा त्याचा अर्थ. पेटलाच नाही किंवा मिणमिणला तर मागं चावीचा स्विच. जुन्या स्विचचे आतले पॉईंट जळून काळे होतात, चावी जरा मागंपुढं हलवली की सेल्फ घेतो हे त्याचंच लक्षण. जड जुडगा चावीला लटकवायची सवय असेल तर ती सोडा. स्विच चांगला असून लांबच्या वायरीत व्होल्टेज पडत असेल, म्हणजे सोलेनॉइडपाशी आठ-नऊच व्होल्ट येत असतील, तर एक चार पिनांचा रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) टाकायचा. ३० नंबरला बॅटरीचा प्लस फ्यूज लावून, ८७ वरून सोलेनॉइडची बारीक वायर, ८६ ला चावीकडून येणारी जुनी वायर, ८५ ला अर्थ. कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात करतो आणि स्विचवरचा लोडही जातो.

एकच टक् येतोय, केबल अर्थ सगळं तपासून झालं, तर सेल्फचे कार्बन म्हणजे ब्रश झिजलेत किंवा सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत. सेल्फच्या बॉडीवर हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलके दोन ठोके मारले (दुसरा चावी स्टार्टवर धरून) आणि फिरला तर बहुतेक ब्रशच. ही ठोक्यांची सोय थोडे दिवसच चालते, त्यातच वेळ काढून सेल्फ उतरवून ब्रश, बुश आणि कॉन्टॅक्ट बदलून घ्या. चांगला रिवाइंडिंगवाला हे काम मूळ सेल्फमध्येच करून देतो, तो शक्यतो टाकून देऊ नका.

रस्त्यात असाल तर धक्का स्टार्टनंही कळतं. दुसऱ्या गिअरला धक्का मारून लगेच पकडली तर पेट्रोल आणि करंट दोन्ही ठीक, फॉल्ट सेल्फकडचा. एमपीएफआयला बॅटरी पार शून्य असेल तर धक्का मारून उपयोग नाही, पंप आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) करंट लागतो. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाल्या (सायलेन्सरच्या पाईपमध्ये धूर साफ करणारा भाग असलेल्या) गाडीला सारखं सारखं ढकलून चालू करू नका, न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन तो खराब होतो.

आता दुसरा फाटा, सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मधे मिनिटभर थांबायचं, नाहीतर चांगला सेल्फसुद्धा जळेल.

आधी करंट. एक प्लग काढून त्याच्या केबलला लावा, प्लगची लोखंडी बाजू इंजिनला टेकवा, इन्सुलेटेड पक्कडीनं धरा आणि सेल्फ मारायला सांगा. निळी, चटचट ठिणगी पाहिजे. पिवळी, मरतुकडी किंवा नाहीच तर कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते), डिस्ट्रिब्युटरची (तो करंट प्लगांना वाटतो) कॅप, आतला रोटर, केबल या क्रमानं. आसपास पेट्रोलचा वास येत असेल तर हे अजिबात करायचं नाही, आणि काढलेल्या प्लगच्या भोकापासून ठिणगी लांब ठेवा, तिथून पेट्रोलची वाफ येते. जुन्या पॉईंटवाल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये सीबी पॉईंट (कॉईलचा करंट जोडतोडणारे कॉन्टॅक्ट) जळलेले किंवा त्यांची गॅप बंद झालेली असते, ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवायची.

पावसाळ्यात सकाळी पकडत नाही आणि ऊन पडलं की चालू, असं असेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आतून कोरड्या फडक्यानं पुसा. आत बारीक काळी पेन्सिलीसारखी रेघ दिसली तर तो करंट गळतीचा माग आहे, पुसून जात नाही, कॅपच बदलायची. मधला स्प्रिंगवाला कार्बन झिजलाय का तेही बघा. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि लांबूनच बघा, केबलमधून निळ्या ठिणग्या बाहेर उडताना दिसल्या तर सगळा केबल सेट बदला. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही याच वेळी शोधा.

उलट, गार असताना छान आणि लांबचा पल्ला मारून थांबलं की चालू होत नाही, अर्ध्या तासानं होते, तर ते गरम होण्याचं दुखणं. इथं तीन संशयित. कॉईल गरम झाली की आत तुटते, गार झाली की जुळते, त्या क्षणी ठिणगी बघितली की पकडली जाते. एमपीएफआयमध्ये क्रँक किंवा कॅम सेन्सर असाच वागतो, तो गरम असतानाच तपासायला पाहिजे. आणि कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पेट्रोलच पाईपमध्ये उकळून वाफ धरते, विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात हे नेहमीचं. ओलं फडकं पेट्रोल पंपावर आणि पाईपवर थोडा वेळ ठेवा, चालू झाली तर तेच कारण. कॉईल किंवा डिस्ट्रिब्युटरवर मात्र पाणी नको.

पेट्रोल येतंय का बघायचं तर कार्ब्युरेटरवाल्यांनी इंजिन बंद असताना एअर फिल्टरचं झाकण काढून आत बघत ॲक्सिलरेटरची केबल हातानं ओढायची, पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. नाही उडाली तर फिल्टर, पंप, पाईप. एमपीएफआयवाल्यांनी चावी ऑन करून मागच्या सीटकडं कान द्यायचा, टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घुंssग करतो. कधी करतो कधी नाही असं असेल तर पंपाचा रिले आणि त्याचा सॉकेट बघा, गाडीत तसाच सारखा रिले दुसरीकडं असेल तर अदलाबदल करून बघा, फुकटात उत्तर मिळतं. डॅशबोर्डच्या मीटरमध्ये चावीचं किंवा लॉकचं चिन्ह सारखं लुकलुकत असेल तर इम्मोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा, पेट्रोल-प्लगच्या मागं लागू नका.

पेट्रोलचा उग्र वास येतोय म्हणजे ओव्हर झालीय, इंजिनात पेट्रोल जास्त गेलंय. चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा (पंप करू नका) आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा.

पाईपचं जरा सविस्तर सांगतो कारण हल्ली हे वाढलंय. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ८०० काही त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल जुनं रबर खातं आणि हवेतली ओल धरतं. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत टाकी आणि गाडीतल्या पंपाच्या मधल्या पाईपला बारीक चीर पडली की पेट्रोल बाहेर गळताना दिसत नाही, पण पंप हवा ओढतो आणि रात्रीत पेट्रोल मागं टाकीत उतरतं, म्हणून सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो आणि दिवसभर मग काही त्रास नाही. पाईप बोटानं वाकवून बघा, चिरा दिसल्या किंवा चिकट लागला तर इथेनॉलला चालणारा नवा पाईप टाका, सगळे एकदम, क्लिपांसकट. हे आगीच्या दृष्टीनंही टाळण्यासारखं काम नाही. गाडी महिना-महिना उभी राहत असेल तर टाकीत पाणी साठतं, फिल्टर काढून काचेच्या बाटलीत पेट्रोल ओता, थोडं थांबा, खाली वेगळा थर दिसला तर टाकी साफ करून घ्या.

एवढं करून फॉल्ट सापडला नाही तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडं जाताना तुमची टिपणं घेऊन जा आणि शक्य असेल तर गाडी बंद पडलेली असताना त्यालाच बोलवा. सांगताना "बॅटरी बघा" असं नका सांगू, "गरम इंजिनला एकच टक् येतो, लाईट मंद होत नाही, इंजिनला अर्थ जोडला तरी फरक नाही" असं सांगा, चांगला माणूस तेवढ्यावर अर्धं काम ओळखतो. बदललेला जुना पार्ट मागून घ्या आणि कुठं खराब झाला ते त्याला दाखवायला सांगा. काम झाल्यावर ज्या परिस्थितीत गाडी बसायची तीच परत घडवून बघितल्याशिवाय पैसे चुकते करू नका, गरमची तक्रार असेल तर दहा-पंधरा किलोमीटर पळवून आणा, इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि मग चावी फिरवा.